एडिनबरात गोल्फची पहिली फेरी: ब्रंट्सफील्ड लिंक्सवर नवख्यांनी कसं खेळावं

एडिनबराला शिकायला आलेली आपली मुलंमुली रोज मेडोज या मोठ्या सार्वजनिक बागेतून विद्यापीठात जातात-येतात. मेलव्हिल ड्राइव्हच्या पलीकडे, चढावरच्या हिरवळीत रोवलेले लहान झेंडे त्यांना दिसत असतात. "असेल कुठल्यातरी क्लबचं," म्हणून ती पुढे जातात. मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना असं वाटणं साहजिक आहे. तिथे गोल्फ म्हणजे कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि सभासदत्व. इथे मात्र ती जागा, म्हणजे ब्रंट्सफील्ड लिंक्स हे गोल्फचं खुलं मैदान, सरळसरळ नगराची आहे. फी नाही, नोंदणी नाही, कुणाची ओळख लागत नाही. दोन स्टिक आणि एक चेंडू घेऊन जायचं आणि खेळायला लागायचं.

मी इथे बरीच वर्षं राहते. नव्याने आलेल्या आपल्या लोकांना मी हौसेने तिकडे घेऊन जाते आणि प्रत्येक वेळी तेच ते प्रश्न येतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

आधी जागेबद्दल थोडं, कारण ते कळलं की तिथले नियम आपोआप कळतात. जुन्या एडिनबराला लागून 'बर्ग म्यूर' नावाचं मोठं गायरान होतं. शहर वाढत गेलं, गायरान आटत गेलं आणि शेवटी उरला तो हा तुकडा. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसायचे. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. पुढे रॉयल बर्जेस आणि ब्रंट्सफील्ड लिंक्स गोल्फिंग सोसायटी या अठराव्या शतकातल्या जुन्या गोल्फ संस्था इथेच खेळायच्या. १८२७ च्या एका कायद्याने मेडोज आणि या लिंक्सवर इमारती बांधायला मनाई झाली, म्हणून जागा वाचली. पण भोवती घरं उठली, वाटांवर गर्दी वाढली आणि लांब फटके धोक्याचे ठरू लागले. १८७० च्या दशकात या संस्था शहराच्या पूर्वेला मसलबर्ग गावी गेल्या. १८८९ मध्ये नगरपालिकेने लांब खेळासाठी शहराच्या दक्षिणेला ब्रेड हिल्सची जागा घेतली. लिंक्सवर राहिला तो आखूड खेळ, आणि तो आजही चालू आहे.

म्हणजे हे मैदान गोल्फ खेळणाऱ्यांचं एकट्याचं कधीच नव्हतं. वाटेवरून जाणारी आजी, कुत्रा फिरवणारा माणूस, गवतावर पुस्तक घेऊन पडलेला विद्यार्थी, या सगळ्यांचं ते तुमच्याइतकंच आहे. पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

१. दिवस आणि वेळ ठरवा

उन्हाळ्यात इथे ३६ होल मांडलेले असतात, हिवाळ्यात ९. होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, आणि सुरुवातीच्या जागेपासून तिथवरचा पट्टाही. सगळे आखूड, बहुतेक शंभर मीटरच्या आतले, आणि सगळ्यांचा पार ३. पार ३ म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत चेंडू होलमध्ये घालावा अशी अपेक्षा. पहिल्या दिवशी ३६ होलांचा विचारही करू नका. चौघांनी ९ होल खेळायला तासाभराच्या आसपास लागतो आणि नवख्याला तेवढं पुरतं. मजा आली तर आणखी नऊ.

जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला सुरुवात केली तरी निवांत फेरी होते. माझ्या मते हीच सगळ्यात चांगली वेळ. गर्दी ओसरलेली असते, ऊन तिरपं होतं आणि किल्ल्याची कडा स्वच्छ दिसते. डिसेंबरात याच्या उलट, पावणेचारच्या आधीच सूर्य बुडतो, म्हणून खेळायचं तर दुपारचं जेवण झाल्याबरोबर.

सापळा: कडक ऊन पडलेला शनिवार. तुम्हाला वाटेल, हवा छान आहे, आजच जाऊ. साऱ्या शहरालाही तसंच वाटतं. गवतावर चटया पसरलेल्या असतात, पोरं पळत असतात. अशा दिवशी दर फटक्याला थांबावं लागतं आणि मनावर ताण येतो. ऊन पडलं की सुटीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर सरळ चटई घेऊन तुम्हीही बसा.

२. सामान जमवा

कागदपत्रांची यादी छोटी आहे, कारण मुळात काहीच लागत नाही. सभासदत्व नको, हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला नको. स्टिक भाड्याने घेणार असाल तर अनामतीसाठी बँकेचं कार्ड आणि एखादं ओळखपत्र जवळ असू द्या.

लागणारं सामान:

- एक पिचिंग वेज किंवा सँड वेज. चेंडू उंच उडवून जवळच टाकणारी ही स्टिक.
- एक पटर. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू घरंगळत नेण्यासाठी.
- दोन-तीन चेंडू प्रत्येकी, आणि त्यांवर स्केचपेनने केलेली आपापली खूण.
- चार-पाच टी, म्हणजे पहिल्या फटक्यासाठी चेंडू ठेवायच्या खुंट्या. प्लास्टिकच्या नकोत, लाकडी घ्या.
- वारा अडवणारं जाकीट. छत्री घरी ठेवा, इथल्या वाऱ्यात ती टिकत नाही.
- पाण्यात न भिजणारे, तळाला चांगली पकड असलेले बूट. गोल्फचे खास बूट मुळीच लागत नाहीत.
- एक जुना रुमाल, ओला चेंडू आणि स्टिकची मूठ पुसायला.
- चहाचा थर्मास आणि डबा. चिवडा वाऱ्याने उडतो. लाडू किंवा वड्या बऱ्या.

स्टिक कुठून आणायच्या? लिंक्सच्या कडेला, राइट्स हाउसेस नावाच्या गल्लीत गोल्फ टॅव्हर्न हा जुना पब आहे. तो आपलं नातं १४५६ सालाशी सांगतो. तिथे स्टिक आणि चेंडू भाड्याने मिळतात. निघण्यापूर्वी फोन करून किती संच शिल्लक आहेत आणि कितीपर्यंत परत करायचे ते विचारा. डावखुरे असाल तर आवर्जून सांगा, कारण उजव्या हाताच्या स्टिकने डावखुऱ्याला खेळताच येत नाही.

दुसरा आणि माझ्या आवडीचा मार्ग म्हणजे मॉर्निंगसाइड भागातली चॅरिटी शॉप्स, म्हणजे देणगीत आलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं. दाराशी एखाद्या उभ्या डब्यात जुन्या स्टिक ठेवलेल्या असतात. वेजच्या तळाशी 'पीडब्ल्यू', 'एसडब्ल्यू' किंवा नुसता 'पी', 'एस' कोरलेला असतो, तो पाहून घ्या. मुठीचं रबर अंगठ्याने दाबून पाहा. तकाकी येऊन गुळगुळीत झालं असेल तर पावसात हातातून सटकेल. डोक्यावरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका.

सापळा: कुणाकडून तरी अख्खी बॅग मिळाली म्हणून ड्रायव्हर आणि लांब आयर्न या लांब फटक्यांच्या स्टिक घेऊन येणं. ही मोठी चूक आहे. इथे वाटा, घरं आणि रस्ता इतके जवळ आहेत की लांब फटका कुणाच्या तरी डोक्यात बसू शकतो. लांब खेळ इथून हलवला तो याच कारणासाठी. वेज आणि पटर सोडून बाकी सगळं घरी ठेवा.

३. तिथवर पोहोचा

विद्यापीठाच्या जॉर्ज स्क्वेअरहून मेडोज ओलांडून पायी दहा-पंधरा मिनिटं. लांबून येत असाल तर लोथियन बसच्या ११, १६ आणि २३ या गाड्या टॉलक्रॉसवरून ब्रंट्सफील्डला जातात. रोख पैसे देणार असाल तर नेमके मोजून द्या, ड्रायव्हर सुटे परत देत नाही. त्यापेक्षा कार्ड टेकवणं सोपं. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्यांना बसप्रवास फुकट आहे, पण त्यासाठीचं कार्ड आधी काढून ठेवावं लागतं. आल्या आल्या अर्ज करा, गोल्फसाठी नाही तरी रोजच्या जाण्यायेण्यासाठी.

४. खेळण्याआधी एक चक्कर मारा

ही पायरी सगळे गाळतात. पहिला फटका मारण्याआधी चेंडू खिशात ठेवून पाचएक मिनिटं मैदानात फिरा. होल एकमेकांच्या शेजारून, काही ठिकाणी उलट दिशेने जातात. कुठल्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेलाही टीच म्हणतात) कुठल्या झेंड्याकडे मारायचं हे उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या दगडखाणींमुळे जमीन उंचसखल आहे. एखाद्या खोलगटात बसलेली माणसं टीवरून दिसतच नाहीत.

फिरताना मान वरही करा. पूर्वेला आर्थर्स सीटचा डोंगर, उत्तरेला किल्ला, आणि अगदी जवळ बार्कले चर्चचा उंच निमुळता मनोरा. पाऊस थांबून ढग फाटले की आर्थर्स सीटचा करडा कडा काही मिनिटं सोनेरी होतो. त्या वेळी फटका थांबवून बघितलं तर सोबतचे कुणी रागावणार नाहीत.

वाऱ्याचा अंदाजही आत्ताच घ्या. इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. चिमूटभर गवत उपटून खांद्याच्या उंचीवरून सोडा. झेंडा ज्या दिशेला फडफडतो ती दिशाही बघा, कारण टीवरचा आणि ग्रीनवरचा वारा वेगळा असू शकतो.

५. फटका शिका

हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिते, डावखुऱ्यांनी उलट समजावं.

पायांत खांद्यांपेक्षा थोडं कमी अंतर. चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध. अंगाचं वजन किंचित डाव्या पायावर, आणि ते फटका पुरा होईपर्यंत तिथेच. डावा हात वर, उजवा खाली, दहाही बोटं मुठीवर. बोटं गुंफण्याच्या पद्धती नंतर शिका. मूठ आवळू नका. मनगट घट्ट झालं की फटका बसत नाही.

हात कमरेपर्यंत मागे न्या आणि तेवढेच पुढे. हा अर्धा फटका साधारण तीसचाळीस मीटर जातो. छातीपर्यंत नेले तर पन्नाससाठ. लिंक्सवर याहून मोठ्या फटक्याची क्वचितच गरज पडते. अंतर हाताच्या ताकदीने वाढवायचं नाही, हात किती मागे नेले त्यावर ठरवायचं.

आपल्याकडच्या माणसांना सगळ्यात जास्त नडतं ते क्रिकेट. उजवा हात आपसूक पुढे येतो आणि चेंडू मिडविकेटकडे जातो. शिवाय चेंडू उचलायचा म्हणून आपण स्टिक खालून वर ओढतो. वेजचं तोंड मुळातच तिरपं असतं, चेंडू उडवण्याचं काम ते करतं. तुम्ही फक्त खाली मारा, असं की आधी चेंडू लागेल आणि मग गवत. नीट बसलेल्या फटक्याचा आवाज बारीक आणि कोरडा येतो, आणि चेंडूच्या जागेच्या थोडं पुढे बोटभर गवताचा कापा निघतो. कापा चेंडूच्या मागे निघाला तर वजन उजव्या पायावर गेलंय असं समजा.

तो निघालेला कापा, म्हणजे डिव्हट, उचलून जागच्या जागी बसवा आणि बुटाने दाबा. इथल्या ओलाव्यात तो लवकर मूळ धरतो.

६. मारण्याआधी बघा, थांबा, मग मारा

प्रत्येक फटक्याआधी तीन गोष्टी: समोरच्या वाटेवर कुणी चालतंय का, पुढच्या ग्रीनवर कुणी आहे का, आणि आपल्या जवळ कुणी उभं आहे का. वाटेवरून माणूस येत असेल तर तो पुरा पलीकडे जाईपर्यंत थांबा. बहुतेक जण हात दाखवतात, काही "ऑन यू गो" म्हणून स्वतःच थांबतात. तरीही मी नवख्यांना सांगते, त्यांना आधी जाऊ द्या. तुमचा फटका कुठे जाईल याची तुम्हालाच अजून खात्री नाही.

चेंडू कुणाच्या रोखाने निघालाच तर लाजू नका, पोटातून ओरडा: "फोर!" हा शब्द इथे सगळ्यांना कळतो. 'सॉरी' ओरडून कुणी डोकं वाचवत नाही.

सोबत्यांनी मारणाऱ्याच्या तोंडासमोर, बाजूला चार पावलं सोडून उभं राहावं. त्याच्या पाठीमागे किंवा चेंडूच्या पुढे उभं राहू नये. लहान मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने त्या वेळी त्यांचा हात धरून उभं राहायचं, बाकी काही करायचं नाही.

७. ग्रीनवर

कापलेल्या गवताचा तो लहान तुकडा म्हणजे ग्रीन. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. कागदावर भरपूर जागा वाटते, पण तीन पावलांवरून ती आक्रसते.

पटर मारताना मनगटं हलवू नका. खांद्यांपासून दोन्ही हात एकत्र, भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकासारखे, मागे-पुढे. लांबून मारताना होलमध्ये घालायचा हट्ट सोडा. पावलाभराच्या अंतरात थांबला तरी काम झालं. पावसानंतर इथली ग्रीन जड होतात, थोडं जास्त मारा.

आणि एक युक्ती, जी नवख्यांचे सगळ्यात जास्त फटके वाचवते: चेंडू ग्रीनच्या बाहेर, पण जवळच, आखूड गवतावर असेल तर वेज काढू नका, पटरच वापरा. दिसायला साधं दिसतं, पण चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे पळत नाही.

झेंडा काढायची गरज नाही. २०१९ पासूनच्या नियमांत तो होलमध्येच ठेवून पट करायला, म्हणजे पटरने मारायला, परवानगी आहे. दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांच्यामधल्या रेषेवर पाय देऊ नका. उंचावरून पडलेल्या चेंडूने ग्रीनवर खळगा केला असेल तर टीच्या टोकाने त्याच्या कडा चहूबाजूंनी मधे ढकला आणि पटरने थोपटा. खालून उकरू नका, मुळं तुटतात. ग्रीनवर वेजने मारायचं नाही, सरावालाही नाही.

चेंडू आत गेला की लगेच बाजूला व्हा. गुणांची बेरीज पुढच्या टीवर करा.

८. गुण कसे मोजायचे

मित्रमैत्रिणींच्या फेरीत एकूण फटके मोजत बसण्यात राम नाही. एका होलवर नऊ फटके लागले की नवख्याचा सगळा दिवस झाकोळतो. त्यापेक्षा मॅच प्ले खेळा. ज्याने कमी फटक्यांत होल पुरा केला, तो होल त्याचा. बरोबरी झाली तर कुणाचाच नाही. एखाद्या होलवर कितीही घोळ झाला तरी फक्त तो एक होल जातो.

चौघं असाल तर दोन-दोनच्या जोड्या करा आणि स्क्रॅम्बल खेळा. जोडीतले दोघंही मारतात, ज्याचा चेंडू बऱ्या जागी असेल तिथून दोघं पुढचा फटका मारतात. जरा येणाऱ्याबरोबर अगदी नवखा जोडा. नवख्याचा एखादाच फटका कामी येतो, पण तो आला की त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

काही जण स्टेबलफोर्ड खेळतात: पार केला तर २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य, एक फटका कमी लागला, म्हणजे बर्डी, तर ३. यात शून्य नक्की झाल्यावर चेंडू उचलून पुढे जाता येतं, त्यामुळे मागचे खोळंबत नाहीत.

खेळण्याआधी हे तीन ठराव सगळ्यांच्या संमतीने करून टाका, मग वाद होत नाहीत:

- चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधायचा (नियमातही तेवढीच मुदत आहे), मग हरवला त्या जागी नवा टाकून एक फटका जास्त मोजायचा. नियमाप्रमाणे मागे जाऊन मारायला हवं, पण मैत्रीच्या खेळात एवढं चालतं.
- डांबरी वाटेवर गेलेला चेंडू उचलून बाजूच्या गवतावर, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. याला दंड नाही.
- कुणाच्या चटईपाशी गेलेला चेंडू माफी मागून उचलायचा, लांब नेऊन टाकायचा. यालाही दंड नाही. कुत्र्याने पळवला तर नवा चेंडू त्याच जागी.

९. मागचे आणि पुढचे

इथे एकटेच रोज येणारे वयस्क खेळाडू असतात. खांद्यावर हलकी पिशवी, दोन फटके, एक पट, पुढे. ते मागे येऊन थांबले दिसले की बाजूला होऊन हाताने खूण करा, त्यांना पुढे जाऊ द्या. बहुतेकदा जाताजाता ते एखादी सूचना देऊन जातात. ऐका. मला चेंडूकडे बघत राहण्याचं महत्त्व अशाच एका आजोबांनी पटवून दिलं, आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या शिक्षकाकडे जायची गरज पडली नाही.

चौघांपेक्षा जास्त एका गटात खेळू नका. आठ जण आलात तर दोन गट करा आणि मध्ये एक होल मोकळा ठेवा. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, "तू आधी, तू आधी" करत बसू नये. आपल्याकडची ही सवय मोडायला जरा वेळ लागतो.

मोबाइलवर गाणी लावू नका.

१०. फेरी संपल्यावर

भाड्याच्या स्टिक पुसून, मोजून परत करा. पटर शेवटच्या ग्रीनशेजारी गवतात विसरण्याचा प्रकार फार होतो. निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. तुटलेल्या टी आणि खाऊचे कागद उचला.

पुढची पायरी हवी असेल तर पूर्ण लांबीच्या खेळासाठी ब्रेड हिल्स आहे, पण तिथे फी भरून, वेळ राखून जावं लागतं. त्याआधी एखाद्या रविवारी सेंट अँड्र्यूजला जाऊन या. ल्यूकर्सपर्यंत रेल्वे, पुढे बस. एरवी रविवारी तिथला जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि गावकऱ्यांना, पाहुण्यांना त्यावरून मोकळेपणी फिरता येतं. शेजारीच हिमालयाज नावाचं उंचवट्याखळग्यांचं पटिंग मैदान आहे. तिथल्या महिलांच्या पटिंग क्लबची स्थापना १८६७ ची, पण ठरावीक वेळी थोडी फी भरून कुणालाही खेळता येतं, आणि पटर तिथेच मिळतो. निघण्याआधी त्या दिवशीच्या वेळा तेवढ्या पाहून घ्या.